डावा कोपरा मोकळा सोड

शबाना,

उद्या सकाळी साताऱ्यात तुझ्यासाठी शोकसभा ठेवली आहे आणि तिथे मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न सुभेदार काकांचा. फौजेतून निवृत्त झाल्यावर ज्यांनी साताऱ्यात मुलींचा बास्केटबॉल संघ उभा केला आणि अजूनही ज्यांना संघातली प्रत्येक मुलगी आपल्या पलटणीतली वाटते, ते काका तुझी मय्यत उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात माझ्याशेजारी येऊन बसले. तुझी नऊ नंबरची जर्सी काचेच्या चौकटीत घालून कार्यालयात लावावी आणि तो नंबर पुन्हा कोणत्याही मुलीला देऊ नये, असे संघाच्या समितीने ठरवत आणले आहे, म्हणाले. दोघातिघांना मात्र ते पटत नाही. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "तुमी शास्त्र शिकलायसा. तुमीच सांगा, तिच्या जागी कोण हुईल का?"

सभेत सांगते, असे मी म्हणाले. इतके शास्त्र शिकून मला तेवढेच सुचले.

याच प्रश्नावरून आपली मैत्री जुळली, याच प्रश्नावर आपण वर्षानुवर्षे भांडलो, आणि आपले शेवटचे बोलणेही इथेच अडले. 'होय, जागा भरता येते' असे म्हटले तर तुझे मोल कमी केल्यासारखे दिसेल. 'नाही' म्हटले तर तू मला जे शिकवलेस त्यालाच खोटे पाडल्यासारखे होईल. म्हणून सभेआधी हे सगळे तुझ्यापुढे मांडते आहे. तू मधेच तोडशील, हसशील, या सवयीने थांबत थांबत लिहिते आहे.

आपली अदलाबदल कऱ्हाडला एका लग्नाच्या पंगतीत ठरली, हे आपल्याला फार उशिरा कळले. सांगलीचे कदम सर आणि साताऱ्याचे सुभेदार काका शेजारी शेजारी जेवायला बसले होते. सरांच्या संघात तू होतीस; सांगलीतल्या गादीवाल्याची मुलगी, डावखुरी, जिच्या हातून चेंडू सुटला की बघणारे बास्केट मोजूनच मोकळे व्हायचे. पण तुला नोकरी देणे सरांच्या हातात नव्हते. काकांच्या ओळखीने साताऱ्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा होती, पण संघ चालवणारी खेळाडू नव्हती. जिलेबी वाढून होईपर्यंत दोघांनी व्यवहार मिटवला: शबाना साताऱ्याला जाईल, आणि तिच्या बदल्यात साताऱ्याच्या दोन मुली सांगलीला येतील, विश्रामबागेत कॉलेज आणि वसतिगृहाची सोय त्यांना मिळेल. त्या दोघींपैकी एक पाटणची दीपाली, जी रिंगखाली उभी राहिली की उडालेला चेंडू आपणहून तिच्या हातात येई. दुसरी रहिमतपूरची मी, जी बहुतेक वेळ बेंचवर असे. मला विज्ञानाला प्रवेश हवा होता आणि तो बास्केटबॉलमुळे मिळत होता. माझ्या दृष्टीने व्यवहार उत्तम होता. सांगलीकरांच्या दृष्टीने मात्र तो फसला होता. एक देऊन दोन घेतल्या आणि तरी तोट्यात गेलो, असे मैदानाच्या कडेला बसणारी माणसे आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत.

आपण भेटण्याआधीच तुझा फोन आला. "हॅलो, वन्सं हाईत का?"

चुकीचा नंबर लागला असे मी सांगितले. तू शांतपणे समजावलेस की आपले साटंलोटं झाले आहे. दोन घरे आपापल्या लेकी एकमेकांकडे देतात, तेव्हा त्या दोघी एकाच वेळी एकमेकींच्या नणंदा आणि भावजया होतात, तसे. त्या नात्याने मी तुझी वन्सं आणि तू माझी. पुढे कितीतरी वर्षे, माझ्या प्रयोगशाळेत, बसमध्ये, एकदा तर मुलाखतीच्या रांगेत, त्याच हाकेने माझा फोन वाजत राहिला, आणि शेजारच्यांना वाटत राहिले की माझी सासर-माहेराची काही गुंतागुंत चालू आहे.

पण त्या पहिल्या फोनमध्ये तुला काहीतरी वेगळे विचारायचे होते. "तुमच्या हितं साताऱ्यात दुसऱ्या टीमचं फाउल कोण ध्यानात ठेवायचं गं? कुणालाच ठावं न्हाई. इचारलं तर म्हणत्यात, स्नेहल सांगायची."

खरे होते. बेंचवर बसून करण्यासारखे काही नव्हते म्हणून मी समोरच्या संघातल्या प्रत्येकीचे फाउल डोक्यात ठेवत असे. पाच झाले की खेळाडू बाहेर. म्हणून जिचे चार झाले असतील तिच्या अंगावर चेंडू घेऊन जा, असे आमच्या मुलींना ओरडून सांगत असे. याला खेळ म्हणतात हे मलाही माहीत नव्हते. तुझी जागा कोण घेणार, हे सगळी सांगली विचारत होती. माझी जागा कोण घेणार, हे जगात एकाच व्यक्तीने विचारले, आणि ती व्यक्ती तू होतीस. त्याबद्दलचे आभार मी तुला कधीच नीट शब्दांत सांगितले नाहीत. तू वन्सं म्हणालीस की मी चिडल्याचे नाटक करायचे, हाच आपला शिष्टाचार ठरून गेला.

सांगलीत मी प्रश्न पद्धतशीर सोडवायला घेतला. खेळाडू म्हणजे अनेक कामांची बेरीज, असे माझे गृहीतक होते. तुझे गुण मी करायचे, तुझे रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतणारे चेंडू, दीपालीने घ्यायचे, पास आम्ही वाटून घ्यायचे. पहिल्या काही सामन्यांनंतर हिशेब केला तर आमची दोघींची बेरीज तुझ्यापेक्षा थोडी जास्तच भरत होती. आणि आम्ही हरत होतो. बेरीज बरोबर आणि निकाल चूक, म्हणजे एखादे पद सुटले आहे. मी ते शोधू लागले आणि एका संध्याकाळी मला ते सापडले, असे मला वाटले. तू डावखुरी होतीस. संघाची प्रत्येक चाल डाव्या कोपऱ्याकडे वळायची. मुली न बघता तिकडे पास टाकायच्या, आणि तिथे उजव्या हाताची मी अवघडून उभी असायची. उपाय उघड होता. मला डावखुरी व्हायला हवे होते.

मी ते अर्धवट करणारी नव्हते. दात घासणे, दार उघडणे, खडूने फळ्यावर लिहिणे, सगळे डाव्या हाताने. वसतिगृहाच्या खाणावळीत मी डाव्या हाताने भाकरी तोडू लागले, तेव्हा समोरच्या मुलींनी आपली ताटे उचलून दुसरे टेबल गाठले. एकट्या दीपालीने साथ सोडली नाही. पण तीही माझ्याकडे न बघता जेवायची. कदम सरांनी एकदाच विचारले की हे कशासाठी चालले आहे, आणि माझे कारण ऐकून ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. बहुधा त्यांनाही त्या काळात कोणतीही आशा चालली असती.

कडेलोट रहिमतपूरला आमच्याच घरी झाला. पूजा होती. तीर्थ द्यायला गुरुजी पुढे आले आणि माझा डावा हात आपोआप पुढे गेला. गुरुजींची पळी हवेत थांबली. आई मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाली, "सांगलीत हेच शिकाय धाडलं व्हय तुला?" मी तिला तुझ्याविषयी, डाव्या कोपऱ्याविषयी, बेरजेविषयी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ती पोर तिच्या घरी जेवते तरी कोणत्या हाताने? मला माहीत नव्हते. निरीक्षणात ही एवढी मोठी फट राहिली होती.

त्याचे उत्तर ईदच्या सुट्टीत मिळाले. तू घरी सांगलीला आली होतीस आणि आम्हाला न सांगता विश्रामबागेतल्या मैदानावर येऊन जाळीबाहेर उभी राहिली होतीस. सराव संपला. मग आत आलीस, माझ्यासमोर भडंगाचा पुडा धरलास, आणि मी डाव्या हाताने मूठ भरताच तो मागे घेतलास.

"हे काय, वन्सं?"

मी सिद्धान्त सांगितला. तू मैदानातच बसकण मारलीस. हसता हसता तुला ठसका लागला आणि दीपालीने तुझी पाठ थोपटली. "अगं येडे," तू म्हणालीस, "मी सुदिक उजव्या हातानं जेवती. डावा हात ताटाला लागला तर अम्मी उलथनं घिऊन धावायची."

म्हणजे तुझ्यासारखी होण्याच्या नादात मी तुझ्याही पुढे निघून गेले होते.

हसणे संपल्यावर मात्र तू उठलीस आणि आम्हाला कोर्टवर उभे केलेस. तू आता साताऱ्याची खेळाडू होतीस, दोन महिन्यांनी आमच्याचविरुद्ध उतरणार होतीस, हे तुला ठाऊक होते आणि कदम सरांनाही. तू आधी विचारलेस की सगळ्या मुक्या का झाल्या आहेत. तेव्हा संघातल्या जुन्या मुलींना आठवले की तू असताना मैदानावर सतत एक आवाज चालू असायचा: मागं बघ, आडोशानं ये, थांब, आता. तो आवाज कोणत्याच गुणपत्रकात नसल्यामुळे माझ्या बेरजेत आला नव्हता. मग तू डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिलीस, पायाने जमिनीवर एक फुली मारलीस, आणि मला म्हणालीस, "हितं हुबी ऱ्हाऊ नगंस. डावा कोपरा मोकळा सोड. समोरच्या पोरीबी हितंच बघत्यात, मी असल्यागत. तू उजवीकडनं खेळ, अन् दीपीला हितनं पळू दे."

त्या एका वाक्याने संघ बदलला. सगळ्यांच्या सवयीने तुझ्यासाठी राखलेली मोकळी जागा आमची वाट झाली. मी उजवीकडून चढायची, बचाव माझ्याकडे झुकायचा, आणि दीपाली रिकाम्या कोपऱ्यातून रिंगखाली घुसायची. एवढी उंच मुलगी तिथून पळत येईल, हे कोणाच्या मनातही येत नसे. बडबडीचे काम आम्ही वाटून घेतले. मी फाउल सांगायची, दीपाली मागचे सांगायची. मी पुन्हा उजव्या हाताने जेवू लागले आणि समोरच्या मुली आमच्या टेबलावर परतल्या.

साताऱ्याशी आमचा सामना झाला तेव्हा त्याच चालीने आम्ही तुला हरवले. शेवटची बास्केट दीपालीने तुझ्या डोळ्यांसमोर, तुझ्याच कोपऱ्यातून केली. सामना संपला. हात मिळवलास, पाठ फिरवलीस, बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलेस. मला वाटले, मैत्री संपली. कपडे बदलून बाहेर आले तर तू फाटकाशी उभी होतीस, केस ठिबकत होते, आणि तुझ्या अब्बूंना सांगत होतीस की ती बुटकी दिसते ती माझी वन्सं, आणि आज तिने मला मारले. तुझ्या आवाजात जो अभिमान होता, तो मी त्यानंतर पदवी घेताना, पुण्यात संशोधनासाठी निवड झाली तेव्हा, कितीदा आठवला असेल. माझ्या कोणत्याही यशाबद्दल इतक्या चढ्या सुरात माझ्या देखत कोणी बोलले नव्हते. आणि तू तर हरली होतीस.

आपला वाद मात्र त्या विजयानेही मिटला नाही, उलट चिघळला. मी म्हणायची, बघ, तुझ्यावाचून जिंकलो. म्हणजे तुझी जागा भरली. तू म्हणायचीस, भरली कुठे, तुम्ही ती रिकामी ठेवून जिंकलात. मी म्हणायची, निकाल तोच असेल तर फरक कशाने मोजायचा? तू म्हणायचीस, "मोजायचा कशाला? साताऱ्यात तुझ्या जागंवर कोन आलं, सांग बघू. कोनबी न्हाई. आता फाउल मीच बघती. लय डोकं दुखतं."  संख्याशास्त्रात संशोधन करणारी मी, क्रीडाशिक्षिकेकडून सतत एकाच उदाहरणाने हरत राहिले, आणि पुढच्या भेटीत तोच विषय पुन्हा काढत राहिले. खरे सांगायचे तर मला तो जिंकायचा नव्हता. तो मिटला असता तर तू फोन कशासाठी केला असतास?

तू खेळणे थांबवून साताऱ्याच्या मुलींना शिकवू लागलीस, तेव्हा जुनी नऊ नंबरची जर्सी सलवारीवर घालून मैदानावर उभी राहायचीस. पाटण, कोरेगाव, जावळीच्या मुली तुझ्या हाताखाली आल्या, तुला आपा म्हणू लागल्या. मी सुट्टीत यायची तेव्हा बघायची, तू एकीलाही डाव्या हाताने खेळायला सांगत नव्हतीस. जिला जे येते त्याभोवती चाल बांधायचीस. मी म्हटले, पद्धत म्हणून हे फार गुंतागुंतीचे आहे, दर वर्षी सगळे नव्याने मांडावे लागेल. तू म्हणालीस, मग मांडायचे.

शेवटचे बोलणे तुझ्या घरी झाले. आजारात तू फार बारीक झाली होतीस, पण चहा कसा करायचा याच्या सूचना स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातील एवढा आवाज शिल्लक होता. मुलींचा सराव बंद नव्हता. कर्णधार श्रावणीच तो घेत होती. तू छताकडे बघत विचारलेस, "माज्या पोरींचं काय हुईल गं?"

मी, माझ्या सवयीप्रमाणे, प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "खेळतील. तू नसतानाही खेळता येईल, अशाच घडवल्यास तू त्या."

तू म्हणालीस, "व्हय." आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केलीस.

त्या एका शब्दाचे मी त्यानंतर फार पृथक्करण केले आहे. तू दुखावलीस का? तुला ऐकायचे होते का की त्या तुझ्याशिवाय कोलमडतील? की वर्षानुवर्षांच्या भांडणात पहिल्यांदाच मी तुझ्या बाजूने बोलले, आणि ते तुला इतके सरळ वाटले की त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही? पुरावा अपुरा आहे. निष्कर्ष काढता येत नाही. एवढे मात्र सांगायचे राहिले की माझ्या त्या वाक्यात तुझ्याविषयीचा जेवढा गर्व होता, तेवढा मी कधी कशातच भरला नव्हता. तो तुझ्यापर्यंत पोहोचला की नाही, ते कळण्याआधी तू साखरेवर गेलीस.

सुभेदार काकांच्या प्रश्नानंतर मी उत्तर जुळवू लागले. चौकट नको, हे मला पटले होते. पण ते शोकात बसलेल्या माणसांना न दुखावता कसे सांगायचे, यासाठी मी मुद्दे काढले, त्यांचा क्रम लावला, आक्षेप गृहीत धरले. नंबर कोणाला द्यावा, याचाही निकष ठरवला: तुझ्यासारखी खेळणारी शोधू नये, तर सर्वांत मेहनती मुलीला द्यावा. आणि जर्सी कुठे आहे ते बघावे म्हणून आज संध्याकाळी मैदानावर गेले.

सराव चालू होता. श्रावणी शिट्टीवर होती. रिंगखाली एक थोराड मुलगी धडपडत होती, चेंडू हातातून निसटत होता, आणि तिच्या पाठीवर नऊ हा आकडा होता. शिवण खांद्यावर ताणली होती. मी श्रावणीला बाजूला घेतले आणि विचारले की ही जर्सी हिला कोणी दिली. ती घाबरली नाही.

"मीच दिली, मॅडम. चेंडूच्या पिशवीत हुती. धुतली अन् दिली."

मी विचारले, हीच का? ही सगळ्यांत चांगली खेळते का?

"न्हाई वो," श्रावणी म्हणाली. "तिची फाटली हुती."

माझे सगळे मुद्दे तिथेच संपले. मी विचारले की आपांच्या जर्सीबद्दल मुलींना काही वाटले नाही का. त्यांना वाटले होते, खूप वाटले होते. आदल्या दिवशी दोघी जर्सी धुताना रडल्याही होत्या. पण उन्हात वाळल्यावर ती कोणाला लागते एवढेच त्यांनी बघितले, कारण तूही तेवढेच बघितले असतेस, असे श्रावणीचे म्हणणे. मग तिने माझी परवानगी घेऊन शिट्टी वाजवली आणि थोराड मुलीला हाक मारून सांगितले की तिथे अडकून बसू नको, बाहेर ये, तुझी उंची बाहेरूनही चालते. ती चाल मी आधी कधी पाहिली नव्हती. तुझ्याकडेही नाही.

तेव्हा उद्या मी समितीला एवढेच सांगणार आहे, शबाना: काचेची चौकट जरूर घ्या, तिच्यात यंदाच्या संघाचा फोटो लावा. नऊ नंबर मैदानावर आहे. तो ज्या मुलीच्या अंगावर आहे तिला अजून चेंडू नीट पकडता येत नाही, आणि तिच्याभोवती चाल बांधायला मुलींनी सुरुवात केली आहे.